पहिला ठोका

सेप्टिमस पिनॉक. सात भावंडांत शेवटचा,
आईने मोजून ठेवलेलं नाव.
किंग्स्टनला, सायकलच्या दुकानामागे,
एकाहत्तरपासून मी त्याच्या ड्रमपुढे मायक्रोफोन मांडायचो.
मांडायचो म्हणजे दोनच.
तिसरा मालकाने गहाण टाकला होता.

यायचा तो बगलेत काठ्या धरून,
हातात तेलकट कागदातला बन, मध्ये चीजचा जाड तुकडा.
आधी खिशातलं पाकीट काढायचा
आणि लहान ड्रमच्या कातड्यावर ठेवायचा.
"रिकामं आहे, म्हणून आवाज कोरडा येतो."
भरलेलं ठेवायची वेळ कधी आली नाही,
त्यामुळे फरक आम्हाला कळला नाही.

बाकीचे पहिल्या ठोक्यावर तुटून पडायचे,
दारावर पोलीस आल्यासारखे.
सेप पहिला सोडून द्यायचा.
दुसराही जाऊ द्यायचा.
तिसऱ्यावर एकदाच पाय,
रात्री अंगणात नीरफणस पडावा तसा
धप्प.
मग पुन्हा काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीत
बासवाला आरामात पाय पसरून बसायचा.

मी विचारलं, पहिला कुठे जातो रे?
म्हणाला, अनाथाश्रमाच्या शाळेत बँडमास्तर
बरोबर पहिल्यावर छडी मारायचा.
तेव्हापासून तिथे हात नेत नाही.
ट्रॉम्बोनवाल्या इनेझला मात्र त्याने सांगितलं होतं,
आई नदीवर धुणं आपटायची,
कापड वर जाताना आवाज होतो का?
कुठलं खरं, मी शोधत बसलो नाही.
आई होती तर अनाथाश्रम कसा, हेही नाही.

एका गाण्याचे दहा डॉलर. कधी आठ.
तबकडीवर गायकाचं नाव मोठं, मालकाचं त्याहून मोठं.
एकदाच सेपचं छापलं:
"ड्रम्स – एस. पिकनिक."
ती त्याने खिळा ठोकून भिंतीला लावली,
बरोबर मधल्या भोकातून.

एका मंगळवारी दुपारपर्यंत चार गाणी झाली
आणि पाचव्यात वीज गेली.
टेप थांबली. तो थांबला नाही.
अंधारात तेच सगळ्यात सुंदर वाजवलं
असं मी म्हणणार नाही.
मला आठवतो तो घाम, डासांची उदबत्ती,
आणि बाहेर कोणीतरी सायकलची घंटा तपासत होतं,
तीही हळूहळू त्याच्या तालात आली.

अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा तो लंडनला.
ब्रिक्स्टनच्या खोलीत हातमोजे घालून सराव.
परत आला तो चांगला कोट घेऊन,
जो इथे कोणी कधी घालू शकत नाही.

मग यंत्र आलं.
मालक म्हणाला, हे उशिरा येत नाही, बन खात नाही.
सेपने बटण दाबलं. पहिला ठोका वाजला,
दुसरा, तिसरा, चौथा, सगळे सारखे, इस्त्री केलेले.
"बघ," मला म्हणाला,
"याला कधी कोणी मारलेलं नाही."

पुढे त्याने मिनीबस चालवली,
हाफ वे ट्री ते स्पॅनिश टाउन.
त्या मंगळवारच्या चौथ्या गाण्याचा ताल
तोवर चाळीसेक गायकांनी वापरला होता,
मालकाने विकला, मालकाच्या जावयाने पुन्हा विकला.
बसच्या रेडिओवर लागला की
मागे शाळेची पोरं सीट बडवायची
आणि कंडक्टर ओरडायचा, ड्रायव्हर, आवाज वाढव!
तो वाढवायचा.
एवढंच. मान वळवून कधी म्हणाला नाही की.

गेल्या वर्षी त्याची नववी रात्र जागवली.
रम, तळलेले मासे, डोमिनोच्या सोंगट्या टेबलावर ताडताड.
कोट मी आणला होता, कुणाला द्यावा कळेना.

त्या ताल-पट्टीची मूळ टेप माझ्याकडे आहे.
गाणं नाही, नुसता तो.
कान देऊन ऐकलं तर पहिल्या ठोक्याच्या जागी
त्याच्या स्टुलाची कुरकुर येते,
दर वेळी, पाय उचलताना.
ती पुसून टाक म्हणून मालकाने
मला दोनदा सांगितलं होतं.